डाग कशाचा, हे आधी ओळखा

भगिनींनो, लगीनसराई आली की पनवेल, उरण, बेलापूरकडच्या आगरी-कोळी घरांत हळदीची रात्र लग्नाइतकीच थाटात होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. पण हळदीचा थाट काही कमी झाला नाही. दुसऱ्या दिवशी मोरीत पिवळ्या कपड्यांचा ढीगही तसाच पडतो.

अशाच एका घरी मी गेलो होतो. ओटीवर भातबियाण्याचे बोलणे चालले होते, तोच मागल्या दारी सासूबाईंचा आवाज चढला. नव्या सुनेने पांढरा सदरा साबणात भिजवला आणि पिवळे डाग लालभडक झाले! "कच्च्या रंगाचे लुगडे बरोबर घातलेस," असे सासूबाईंचे म्हणणे. सून रडवेली होऊन ब्रशने सदरा घाशीत होती. मी म्हटले, "आई, पोरीचा दोष नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. साबणातला क्षार तेच करतो." लिंबाचे चार थेंब टाकले आणि लाल डाग पुन्हा पिवळा झाला. सासूबाई हसल्या. मग सदरा स्वच्छ धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळत घालायला सांगितला, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

पिकावरचा रोग ओळखल्याशिवाय औषध मारू नका, असे आम्ही शेतकऱ्याला सांगतो. डागाचेही तसेच आहे. दिसला डाग की गरम पाणी आणि साबण, ही सवय आधी सोडा.

रक्त, दूध, अंडे, मासळी : यांत प्रथिने असतात. उकळत्या पाण्यात अंडे घट्ट होते, तसा हा डागही गरम पाण्याने धाग्यात घट्ट बसतो. म्हणून कपडा अर्धा तास थंड पाण्यात भिजवा, हाताने चोळा आणि मगच साबण लावा.

चहा, जांभूळ : डाग ओला असतानाच साध्या थंड पाण्याखाली धरा. पाणी कपड्याच्या उलट बाजूने सोडा, म्हणजे डाग आत न जाता बाहेर पडतो. राहिलेल्या डागाला लिंबू लावून धुवा.

केळीचा आणि आंब्याचा चीक : केळीचा चीक हवा लागताच काळा पडतो आणि वाळला की जवळजवळ कायमचा होतो. त्यावर खरा उपाय एकच. घड उतरवताना जुने कपडे घाला आणि चीक लागताच धुवा. आंब्याचा चीक चिकट, तेलकट असतो. वाशीच्या बाजारासाठी पेट्या भरताना तो अंगावर उडतोच. आधी थोडे खोबरेल चोळून तो सैल करा, मग धुण्याची पावडर लावा.

तेल आणि वंगण : तेलाच्या डागावर पाणी घालू नका. कोरडे पीठ पसरून तासभर ठेवा. पीठ तेल शोषून घेते. ते झटकून कोमट पाण्यात साबणाने धुवा. गाडीच्या वंगणालाही आधी खोबरेलच लावा.

लोखंडाचा गंज : लिंबाचा रस आणि मीठ लावून कपडा उन्हात ठेवा, मग धुवा. यावर ब्लीचिंग पावडर कधीही वापरू नका. डाग अधिकच पक्का होतो.

ब्लीचिंगबद्दल आणखी एक इशारा. ते फक्त पांढऱ्या सुती कपड्यांसाठी. रेशीम आणि लोकर त्याने खराब होते. त्यात लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि लहानशा मोरीत जीव गुदमरतो.

कोणताही डाग पुरता निघाल्याशिवाय त्यावर इस्त्री फिरवू नका. उष्णतेने तो पक्का होतो.

न दिसणारा डाग

भगिनींनो, आतापर्यंतचे डाग राहिले तर सदरा वाया जाईल, एवढेच. पण एक डाग असा आहे, की तो डोळ्यांना दिसत नाही आणि माणसाच्या जिवावर उठतो. तो म्हणजे फवारणीच्या औषधाचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नका. फवारणारा घरी येतो, कपडे मोरीत टाकतो आणि घरची बाई तेच कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर उघड्या हातांनी धुते. औषध तिच्या कातडीतूनही अंगात शिरते.

म्हणून हे कपडे त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, रबरी हातमोजे घालून धुवा. आधी नुसत्या पाण्यातून काढा, मग साबणाने दोनदा धुवा आणि उन्हात वाळवा. ते पाणी विहीर, ओढा किंवा गुरांच्या डोणीजवळ ओतू नका. पाणी न मिसळलेले औषध कपड्यावर सांडून तो भिजला असेल, तर धुण्याच्या भानगडीत पडू नका; तो कपडा टाकूनच द्या.

घरधन्यालाही सांगा, फवारणीहून आल्यावर आधी अंघोळ, मग लेकराला उचलणे. सदऱ्यावर हळदीचा पिवळा ठिपका राहिला, तर राहू द्या. लग्नघराची ती आठवण आहे. औषधाचा डाग मात्र घरात येऊ देऊ नका.