फिरते देऊळ आणि फिरते गाणे

औंढ्या नागनाथाची कथा वाचकांच्या परिचयाची आहे. नामदेवांना देवळापुढून उठवले, ते मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले, तर देऊळच त्यांच्याकडे वळले! हल्ली ही कथा मला भाच्याच्या हेडफोनमुळे आठवते. एका पगाराची वस्तू ती! कानाला लावून मान वळवली, की गवई, पखवाज, टाळ सारे माझ्याबरोबर वळतात.

मैफलीत असे होत नाही. डावीकडचा सूर उजव्या कानाला किंचित मंद आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने पोचतो. एवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली हे मांडले. पुढे की मागे, ही शंका कानाच्या पाळीची ठेवण आणि मानेची हालचाल मिटवते. हेडफोन डावीकडचे डाव्या कानालाच देतो. मग गवई समोर न बसता थेट डोक्यात ठाण मांडतो!

भाच्याने इक्वलायझरवर खर्ज चढवला, झांजेची किरकिर उतरवली. सूर गोड झाला, हे कबूल. पण गवई काही बाहेर येईना.

औंढ्याचा गाभारा जमिनीखाली, अरुंद पायऱ्यांचा. तिथे मंत्रघोष चहूकडून घुमतो, तरी डोळे मिटूनही गुरुजी कुठे बसलेत ते कळते. सरळ येणारा आवाज आधी पोचतो, भिंतींवरून परतणारे मागून. कान पहिल्यावर विसंबतो.

मान वळताच आवाज उलट फिरवून गवयाला जागेवर ठेवणारे हेडफोनही आता निघाले आहेत. भाच्याचा पुढचा पगार त्यांवर जाणार, असे बहिणीचे भाकीत आहे.