भासांचा पत्ता

झुरिकमधल्या फ्रान्झ फोलेनवायडर या मनोविकारतज्ज्ञाच्या गटाने १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी स्वयंसेवकांना सायलोसायबिन द्यायचं आणि काय होतं ते नोंदवायचं. काही विशिष्ट अळंब्यांमध्ये सापडणारं हे द्रव्य पोटात गेलं की तासाभराच्या आत स्थिर गोष्टी हलताना दिसतात, रंग भडक होतात, ‘मी’ कुठे संपतो आणि जग कुठे सुरू होतं याचा अंदाज सुटतो. पण त्याआधी केटॅन्सेरिन नावाचं औषध दिलं असेल तर यातलं जवळजवळ काहीच घडत नव्हतं. सायलोसायबिन रक्तात होतं, मेंदूत पोचत होतं, तरी माणूस शांतपणे खुर्चीत बसून राही.

केटॅन्सेरिन हे काही भासांवरचं औषध नव्हे. ते तयार झालं रक्तदाबासाठी. मात्र सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचा एक ठरावीक रिसेप्टर, म्हणजे ते रसायन चिकटण्याची जागा, हे औषध अडवून धरतं. त्याचं पूर्ण नाव ‘५-एचटी-२ए’, यापुढे नुसतं २ए म्हणू. याच प्रयोगात काहींना हॅलोपेरिडॉलही दिलं होतं. डोपामिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचा मार्ग अडवणारं हे औषध तीव्र मानसिक आजारांत अनेक वर्षं वापरात आहे. ते दिल्यावर दृश्यभास थांबले नाहीत. म्हणजे शोधायची जागा डोपामिनकडे नव्हती. सेरोटोनिनचे रिसेप्टर चौदा प्रकारचे आहेत आणि त्यातल्या एकाचा पत्ता आता हातात आला होता.

इथवर यायला अर्धं शतक लागलं. असेच भास घडवणाऱ्या एलएसडीची गोष्ट बहुतेकांना सायकलवरून माहीत असते. बाझलच्या सँडोझ कंपनीतला रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन याने १९३८ साली ते बनवलं, १९ एप्रिल १९४३ रोजी स्वतः २५० मायक्रोग्रॅम घेतलं आणि सायकलवरून डगमगत घर गाठलं. ज्या बुरशीच्या अभ्यासातून हे द्रव्य निघालं ती राय या धान्यावर पडते. आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो, तोही त्याच कुळातला. मला मात्र सायकलपेक्षा त्या आकड्याचं नवल वाटतं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या कणभर द्रव्याने मेंदू उलथापालथा होत असेल, तर ते सगळीकडे पसरून काम करत नसणार. एखाद्या नेमक्या जागी जाऊन बसत असणार. हा तर्क करायला तेव्हा कोणाकडे साधनच नव्हतं, कारण सेरोटोनिन अजून शुद्ध स्वरूपात हाती लागलं नव्हतं.

ते १९४८ साली क्लीव्हलँडमध्ये रक्तातून वेगळं केलं गेलं. तेव्हा रक्तवाहिन्या आकुंचित करणारा पदार्थ एवढीच त्याची ओळख होती. १९५३ मध्ये बेटी ट्वारोग या तरुण संशोधिकेने ते मेंदूतही असल्याचं दाखवलं. त्याच सुमारास एडिंबरोत जॉन गॅडम हे स्नायूंच्या तुकड्यांवर प्रयोग करत होते. सेरोटोनिनने स्नायू आकसतो आणि एलएसडी टाकलं की ते आकसणं थांबतं, हे त्यांच्या लक्षात आलं. गॅडम यांनी एलएसडी स्वतःही घेऊन पाहिलं होतं. मग हेच द्रव्य मेंदूतल्या सेरोटोनिनलाही अडवत असेल का? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डी. डब्ल्यू. वुली यांनी १९५४ साली एडवर्ड शॉ यांच्या साथीने थेट सिद्धान्तच मांडला: मानसिक आजारांचं मूळ सेरोटोनिनच्या बिघाडात असावं. तरुणपणीच मधुमेहाने दृष्टी गमावलेल्या या शास्त्रज्ञाची झेप मोठी होती. त्यातला तपशील पुढे उलटा निघाला. स्नायूत अडवणारं एलएसडी मेंदूतल्या २एला अडवत नाही, चेतवतं. पण सेरोटोनिन आणि मन यांची गाठ तेव्हा पडली ती कायमची.

या गाठीचा दुसरा धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शतकानुशतकं निद्रानाशावर आणि वेडावर दिली जात होती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं, पण जगाचं लक्ष गेलं ते मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ सालच्या लेखामुळे. उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग होतो, हे त्यांनी ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात रुग्णांच्या नोंदींसह मांडलं. तीन वर्षांत बाझलच्याच सीबा कंपनीने त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेला आढळलं, की रेसर्पिनने मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. बाझलमध्ये बनलेलं एलएसडी आणि भारतीय मुळीतलं रेसर्पिन असे दोन पुरावे एकाच रसायनाकडे बोट दाखवत होते. मेंदूच्या औषधांचा इतिहास सांगताना सायकल हमखास येते, डॉ. वकील क्वचितच येतात.

सेरोटोनिनचे रिसेप्टर एकापेक्षा जास्त प्रकारचे आहेत हे नंतर कळत गेलं. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात रुतलेलं प्रथिन. बाहेरून योग्य रेणू येऊन त्याला चिकटला की प्रथिनाचा आकार बदलतो आणि पेशीच्या आत घडामोडींची साखळी सुरू होते. व्हर्जिनियातले रिचर्ड ग्लेनन यांनी १९८४ मध्ये भास घडवणाऱ्या बऱ्याच द्रव्यांची यादी घेऊन एक साधी तुलना केली. एखादं द्रव्य या रिसेप्टरांच्या दुसऱ्या गटाला जितकं घट्ट चिकटतं, तितका माणसाला त्याचा कमी डोस पुरतो. झुरिकचा प्रयोग याच वाटेवरचा पुढचा टप्पा. २०१९ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी जिवंत माणसांच्या मेंदूचे पेट स्कॅन काढून २एपैकी किती जागा सायलोसायबिनने व्यापली हे मोजलं. आकडा ७२ टक्क्यांपर्यंत गेला आणि जितकी जागा जास्त व्यापलेली तितका अनुभव तीव्र, असं दिसलं.

मला यातला सर्वांत बोलका प्रयोग वाटतो तो कात्रिन प्रेलर यांचा. तोही झुरिकचाच, २०१७ सालचा. सहभागी लोकांना त्यांच्या जिव्हाळ्याची गाणी ऐकवली आणि ज्यांच्याशी काही देणंघेणं नाही अशीही ऐकवली. एलएसडी घेतल्यावर ही परकी गाणीही खोल अर्थाची वाटू लागली. आधी केटॅन्सेरिन दिलं, तर तो अर्थ उगवलाच नाही. दृश्यभास एका प्रथिनावर अवलंबून असतात हे मान्य करायला फारसं जड जात नाही. एखादी गोष्ट ‘आपली’ वाटणंही त्याच प्रथिनाने ढळू शकतं, हे पचवायला वेळ लागतो.

शाळेच्या पुस्तकात रिसेप्टर समजावताना कुलूप-किल्लीची उपमा देतात. ती इथे तोकडी पडते आणि त्याला कारण लिसुराइड. युरोपात पार्किन्सन्स आणि अर्धशिशीसाठी वापरलेलं हे औषध रचनेने एलएसडीच्या अगदी जवळचं. तेही २एला चिकटतं. पण नेहमीच्या डोसात भास होत नाहीत. किल्ली बसते, फिरतेही, पण दार उघडत नाही. न्यूयॉर्कमध्ये हाविएर गोन्सालेस-माएसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हे कोडं उंदरांवर तपासलं. उंदराला भास होतात का हे विचारता येत नाही. पण अशी द्रव्यं दिली की तो एका विशिष्ट पद्धतीने डोकं झटकतो. एलएसडीने झटकतो, लिसुराइडने नाही. २एचं जनुकच काढून टाकलेले उंदीर एलएसडी देऊनही झटकत नाहीत. मग ते जनुक फक्त मेंदूच्या बाह्यपटलात परत घातलं आणि झटकणं परत आलं. जागा पक्की झाली. फरक पडतो तो रेणू चिकटल्यावर पेशीच्या आत कोणती प्रथिनं कामाला लागतात आणि किती जोराने, यात. २०२३ मधलं एक काम सांगतं, की ‘जीक्यू’ या प्रथिनाला मिळणारा रेटा एका पातळीच्या वर जावा लागतो. लिसुराइडचा रेटा त्या पातळीपर्यंत पोचत नाही.

एलएसडीचा अंमल इतका लांब का टिकतो, याचंही उत्तर अणूंच्या पातळीवर मिळालं. नॉर्थ कॅरोलायनात ब्रायन रॉथ यांच्या गटाने २०१७ मध्ये २एच्या सख्ख्या भावाची, म्हणजे २बीची, एलएसडी आत बसलेल्या अवस्थेतली रचना क्ष-किरणांनी पाहिली. रेणू खोबणीत शिरला की रिसेप्टरचाच एक भाग झाकणासारखा वरून मिटतो. रेणू आत अडकून पडतो. हे झाकण ढिलं केलेला रिसेप्टर बनवला, तेव्हा एलएसडी लवकर सुटलं. तीन वर्षांनी २एचीही रचना हाती आली.

इतकं सगळं जुळत असताना एक साधा प्रश्न उरतो. आपल्या मेंदूत सेरोटोनिन सदैव असतं आणि तेही २एला चिकटतं. मग आपण दिवसभर भासांत का नसतो? कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या डेव्हिड ओल्सन यांच्या गटाने २०२३ मध्ये यातल्या एका भागाचं उत्तर सुचवलं. २ए रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतात तसे पेशीच्या आतही असतात. सेरोटोनिनला ते आवरण ओलांडता येत नाही. डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य किंवा सायलोसायबिनपासून शरीरात बनणारं सायलोसिन मात्र स्निग्ध आवरणातून सहज आत जातं. त्यांनी उंदरांच्या पेशींत सेरोटोनिन आत ओढणारं प्रथिन मुद्दाम बसवलं, आणि एरवी काही न करणाऱ्या सेरोटोनिननेही त्या पेशींना नवे फाटे फोडले.

हे फाटे फुटणंच सध्या सगळ्यांच्या आशेचा विषय आहे. येल विद्यापीठात ॲलेक्स क्वान यांना २०२१ मध्ये दिसलं, की सायलोसायबिनच्या एका डोसने उंदराच्या मेंदूच्या पुढच्या भागात चेतापेशींवरचे काटे, म्हणजे इतर पेशींशी जोडणारे दुवे, सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि महिनाभराने त्यातले बरेच टिकून असतात. नैराश्यात हेच दुवे विरळ होतात, म्हणून डोळे लागून राहिले आहेत. पण इथे संशोधकांत एकमत नाही. मेरीलँडच्या एका गटाने केटॅन्सेरिन देऊन डोकं झटकणं थांबवलं, तरी नैराश्य कमी झाल्याची उंदरांतली चिन्हं टिकली. हेलसिंकीच्या गटाला ‘ट्रकबी’ हा वेगळाच रिसेप्टर महत्त्वाचा वाटतो. क्वान यांच्या २०२५ च्या कामात पुढच्या भागातल्या पेशींतून २ए काढला तर परिणामच गेला. शिवाय उंदराचं नैराश्य मोजायचं कसं? बऱ्याचदा अडचणीत सापडल्यावर तो किती वेळ धडपडतो, यावरून. हे माप मला कधीच फारसं पटलेलं नाही.

भास वगळून फक्त उपचार देणारा रेणू बनवता येईल का, ही या सगळ्यातली पैशाची आणि आशेची मोठी पैज आहे. ओल्सन यांच्या प्रयोगशाळेतला टॅबरनॅन्थॅलॉग उंदरांत पेशी वाढवतो, डोकं झटकायला लावत नाही. माणसांत मात्र अजून बरंच सिद्ध व्हायचं आहे. मूळ सायलोसायबिनचाच २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा प्रयोग घ्या: २३३ रुग्ण, २५ मिलिग्रॅमचा एक डोस, तीन आठवड्यांनी एक मिलिग्रॅमवाल्यांपेक्षा स्पष्ट सुधारणा, बारा आठवड्यांपर्यंत ती बरीच ओसरलेली. कोणाला खरा डोस मिळाला हे रुग्णाला तासाभरात कळतंच, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम किती आणि औषधाचा किती, हे वेगळं काढणं अवघड. माझं मत विचाराल तर रिसेप्टरचं विज्ञान पक्क्या पायावर उभं आहे, उपचाराचं नाही.

इंटरनेटवर ‘मायक्रोडोसिंग’चे गोडवे वाचणाऱ्यांनी २बीचं नाव लक्षात ठेवावं. हा रिसेप्टर हृदयाच्या झडपांवर असतो. त्याला सतत चेतवल्याने झडपा बिघडतात म्हणून वजन घटवणारं फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये बाजारातून काढावं लागलं. एलएसडी आणि सायलोसिनही त्याला चिकटतात, आणि रोज थोडंथोडं घेत राहण्याचा हृदयावर काय परिणाम होतो याचा दीर्घ अभ्यास झालेला नाही. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास आहे, त्यांना तर प्रयोगशाळाही दारात उभं करत नाहीत.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एलएसडी आणि सायलोसायबिन दोन्ही प्रतिबंधित आहेत. ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त एलएसडी ही कायद्याच्या लेखी व्यापारी मात्रा ठरते आणि तिच्यासाठी किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. नैराश्याने त्रस्त असाल तर चालू गोळ्या स्वतःहून थांबवू नका, आपल्या डॉक्टरांशी बोला. डॉक्टर गाठणं जमत नसेल तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.