अन्नाची अ‍ॅलर्जी आणि उपाहारगृहातील भोजन

एखाद्या अन्नपदार्थातील प्रथिनाला शरीराची प्रतिकारयंत्रणा अपायकारक समजून जी प्रतिक्रिया देते, तिला अन्नाची अ‍ॅलर्जी म्हणतात. तो पदार्थ कटाक्षाने टाळणे हा या विकारावरील मुख्य उपाय होय. घरच्या स्वयंपाकघरात हे साधते. उपाहारगृहात मात्र पदार्थात कोणते जिन्नस पडले, तो कोणत्या भांड्यात शिजला आणि कोणत्या तेलात तळला गेला, हे जेवणाऱ्याला दिसत नाही. त्यामुळे अशा व्यक्तींसाठी बाहेरचे भोजन हा जोखमीचा प्रसंग ठरतो.

वैद्यकीय पार्श्वभूमी

'अ‍ॅलर्जी' ही संज्ञा ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रथम वापरली. अन्नाच्या अ‍ॅलर्जीत बहुधा त्या प्रथिनाविरुद्ध इम्युनोग्लोब्युलिन-ई या प्रकारची प्रतिपिंडे रक्तात तयार झालेली असतात. तो पदार्थ पुन्हा पोटात गेला की शरीरातील मास्ट पेशींतून हिस्टामिन व अन्य रसायने बाहेर पडतात. साधारणतः काही मिनिटांपासून दोन तासांपर्यंत अंगावर गांधी उठणे, ओठ व जीभ सुजणे, उलट्या होणे, धाप लागणे ही लक्षणे दिसतात. तीव्र प्रतिक्रियेत श्वासमार्ग आवळला जातो व रक्तदाब कोसळतो. या अवस्थेस अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात व ती प्राणघातक ठरू शकते. काही व्यक्तींना पदार्थाचा अत्यल्प अंशही पुरेसा होतो.

दुधातील शर्करा न पचणे हा पचनाचा दोष आहे, तर गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सीलिएक रोग हा आतड्याचा स्वप्रतिकारक विकार आहे. पथ्य सारखे दिसले तरी हे दोन्ही अ‍ॅलर्जीहून भिन्न आहेत.

'वावडे' या शब्दाची संदिग्धता

मराठीत 'वांग्याचे वावडे आहे' या वाक्यातून नावड, न पचणे आणि अ‍ॅलर्जी असे तिन्ही अर्थ निघू शकतात. वाढप्याला 'शेंगदाण्याचे वावडे आहे' असे सांगितल्यास तो ती आवडीनिवडीची बाब समजण्याचा संभव असतो आणि पोह्यांवर दिसणारे दाणे वेचून तीच बशी पुन्हा पुढे ठेवली जाते. दाणे वेचले तरी त्यांतील प्रथिनाचे अंश अन्नात राहतात. म्हणून 'हा पदार्थ पोटात गेल्यास जिवाला धोका आहे' असा परिणाम स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक ठरते.

धोक्याचे मार्ग

पहिला मार्ग म्हणजे न दिसणारे जिन्नस. महाराष्ट्रीय स्वयंपाकात दाण्याचा कूट साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, कोशिंबीर अशा अनेक पदार्थांत मिसळून जातो. पंजाबी पद्धतीच्या दाट रश्शांत काजूची पेस्ट असते. बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. गोव्यातील किसमूर व बल्चाव यांत सुकी कोळंबी वापरतात.

दुसरा मार्ग संसर्गाचा. एकाच कढईतील तेलात कोळंबी आणि बटाट्याची भजी तळणे, एकच झारा किंवा पळी सर्व पातेल्यांत फिरवणे, एकाच मिक्सरमध्ये निरनिराळी वाटणे करणे यांमुळे एका पदार्थातील प्रथिन दुसऱ्यात जाते. उकळल्याने वा तळल्याने जंतू मरतात, परंतु अ‍ॅलर्जीकारक प्रथिने सहसा पूर्णतः निष्प्रभ होत नाहीत.

पदार्थाच्या वर्गवारीवरूनही फसगत होते. हिरव्या ठिपक्याची खूण केवळ शाकाहार दर्शवते. दूध, गहू, काजू, तीळ हे सर्व शाकाहारीच आहेत. उपवासाच्या पदार्थांत गहू नसतो, पण शेंगदाणे हमखास असतात.

कायदेशीर तरतुदी

युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमावलीत १४ अ‍ॅलर्जीकारक घटक निश्चित केले असून डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहांतील सुट्या पदार्थांविषयीही ही माहिती देणे बंधनकारक आहे. जानेवारी २०१४ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायर भागात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या एका ग्राहकाचा भारतीय पद्धतीच्या उपाहारगृहातील रस्सा खाऊन मृत्यू झाला. मालकाने बदामाच्या भुकटीऐवजी शेंगदाणे असलेली स्वस्त भुकटी वापरण्यास सुरुवात केली होती. २०१६ मध्ये न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल ६ वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली.

२०१६ मध्येच नताशा एडनान-लापेरूझ ही १५ वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेल्या पावातील तिळांमुळे मरण पावली. वेष्टनावर तिळांचा उल्लेख नव्हता. तिच्या पालकांच्या प्रयत्नांमुळे, विक्रीच्या जागीच बांधून ठेवलेल्या खाद्यपदार्थांवर सर्व घटक छापण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. तो 'नताशाचा कायदा' म्हणून ओळखला जातो.

भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार वेष्टनबंद पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढील सल्फाइट यांचा उल्लेख करावा लागतो. तीळ व मोहरी युरोपीय यादीत आहेत, या यादीत नाहीत. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना ग्राहकांस ही माहिती द्यावी लागते. लहान खानावळी व हातगाड्या या तरतुदीत येत नाहीत. तेथे विचारपूस हाच आधार उरतो.

ग्राहकाने घ्यावयाची खबरदारी

गर्दीची वेळ टाळून जाणे, शक्य असल्यास आधी दूरध्वनी करणे आणि वाढप्यापाशी न थांबता प्रत्यक्ष स्वयंपाक्याकडे चौकशी करणे हितावह असते. टाळावयाचे पदार्थ लिहिलेले छोटे पत्रक जवळ ठेवल्यास निरोप पोहोचताना चूक होत नाही. शहरांतील अनेक स्वयंपाकी अन्यभाषक असल्याने ते मराठीबरोबर हिंदीतही असावे. 'काजू आहे का?' या प्रश्नाला घाईत 'नाही' असे उत्तर मिळते. 'रस्सा दाट कशाने केला आहे?' असे विचारल्यास खरी माहिती निघते. उत्तर खात्रीचे नसल्यास तो पदार्थ न घेणेच योग्य. तसेच नेहमीच्या ठिकाणीही दर वेळी विचारावे, कारण स्वयंपाकी आणि जिन्नस बदलत असतात.

प्रतिक्रिया उद्भवल्यास

अ‍ॅनाफिलॅक्सिसवर अ‍ॅड्रेनालिनचे मांडीच्या स्नायूत दिलेले इंजेक्शन हा प्रथमोपचार आहे. अ‍ॅलर्जीवरील साध्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. डॉक्टरांनी ते सोबत ठेवण्यास सांगितले असल्यास ते घरी ठेवून बाहेर पडू नये आणि सोबतच्यांनाही त्याचा वापर ठाऊक असावा. रुग्णाला आडवे निजवून पाय उंचावर ठेवावेत. धाप लागत असल्यास टेकून बसवावे. त्याला उभे करू नये वा चालवू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. लक्षणे ओसरल्यानंतर काही तासांनी पुन्हा उद्भवू शकतात. म्हणून बरे वाटू लागले तरी रुग्णालयात देखरेखीखाली राहणे आवश्यक असते.