राक्षसाने विचारले, बापाने विचारले नाही

गेल्या सुट्टीत माझी भाची आठ दिवस राहायला आली होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या पिशवीत एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. मुखपृष्ठावर शिंगे आणि पंजे असलेला एक राक्षस, आणि त्याच्या शेजारी नवरीच्या पोशाखातली मुलगी. बापाचे कर्ज फिटावे म्हणून मुलगी राक्षसाशी लग्नाचा करार करते आणि पुढे त्याच्या प्रेमात पडते, अशी ती कथा. हल्ली अशा कादंबऱ्या मुली फार आवडीने वाचतात म्हणे.

मी म्हटले, "अगं, हे काय भलतेच वाचतेस?"

ती म्हणाली, "मावशी, आईबाबा बघतात ते स्थळ आणि हा राक्षस, यांत फरक काय? दोघांनाही मी ओळखत नाही. उलट हा राक्षस निदान विचारतो तरी."

मी गप्प बसले. मग मात्र या गोष्टीचे मूळ शोधायला लागले. ते मूळ मोठे बोलके आहे.

बापाचे कर्ज, मुलीची किंमत

ही गोष्ट आज जगभर 'ब्यूटी अँड द बीस्ट' या नावाने ओळखली जाते. डिस्नेच्या १९९१ च्या चित्रपटाने ती घरोघर पोचवली. पण ती प्रथम लिहिली एका फ्रेंच बाईने. तिचे नाव गॅब्रिएल-सुझान द व्हिलन्यूव्ह. साल १७४०.

एका श्रीमंत व्यापाऱ्याची जहाजे बुडतात, घर कंगाल होते. प्रवासात वादळात सापडून तो एका ओसाड महालात शिरतो. तिथे पोटभर जेवण मिळते, ऊब मिळते, पण माणूस कुणी दिसत नाही. निघताना धाकट्या लेकीने मागितलेला गुलाब तो बागेतून तोडतो, आणि महालाचा मालक पुढे उभा राहतो. अंगावर खवले, चालताना त्यांचा खणखणाट, आणि हत्तीसारखी सोंड. तो म्हणतो, तुझा जीव तरी दे, नाहीतर एक मुलगी दे. मात्र ती स्वखुशीने आली पाहिजे.

भगिनींनो, ही स्वखुशी कसली, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बापाचा जीव टांगणीला लावल्यावर कोणती मुलगी 'मी जात नाही' म्हणेल?

त्या काळच्या फ्रान्समध्ये लग्न हा दोन घरांच्या मालमत्तेचा व्यवहार असे. राजा दुसरा हेन्री याने १५५६ मध्येच फर्मान काढले होते. तीस वर्षांखालचा मुलगा किंवा पंचवीस वर्षांखालची मुलगी आईबापांच्या संमतीवाचून लग्न करील, तर त्यांना वारसा नाकारता येत होता. मुलीची संमती मागितली जाई ती पाद्र्यापुढे, सगळे ठरून गेल्यावर. लेखिकेने स्वतःही हे भोगले होते. तिचे लग्न एका लष्करी अधिकाऱ्याशी झाले. त्याने पैसा उधळायला सुरुवात केली, तेव्हा आपली मालमत्ता वेगळी करून मिळावी म्हणून तिला कायद्याचा आधार घ्यावा लागला. १७११ मध्ये ती विधवा झाली. पुढे पोटासाठी तिने लेखणी हातात धरली.

अशा बाईने लिहिलेला राक्षस काय करतो? तो रोज रात्री मुलीला एकच प्रश्न विचारतो, माझ्यासोबत शेज करशील का? ती 'नाही' म्हणते. तो मुकाट्याने निघून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महाल त्याचा, बळ त्याचे, तरी तिच्या 'नाही'पुढे तो एक पाऊल टाकत नाही. घरच्या नवऱ्याला बायकोची इच्छा विचारायची गरज वाटत नव्हती, त्या काळात हे लिहिले गेले. नवल राक्षसाचे नाही, त्या प्रश्नाचे आहे.

पुढे १७५६ मध्ये लप्रॅन्स द बोमों या बाईंनी गोष्ट आटोपशीर केली. त्या लंडनमध्ये मोठ्या घरच्या मुलींना शिकवीत. त्यांनी प्रश्न बदलून 'माझी पत्नी होशील का' असा सभ्य केला. गुणी माणूस रूपाने कुरूप असला तरी मुलीने मन वळवावे, हा बोध त्यांनी घातला. आज आपण ऐकतो ती गोष्ट बहुतांशी त्यांची.

राजमातेची अडचण

पण या आटोपशीर आवृत्तीतून एक महत्त्वाचा भाग गळून गेला. व्हिलन्यूव्हच्या मूळ कथेत शाप सुटतो, राक्षसाचा राजपुत्र होतो, आणि त्याची आई महालात येते. ज्या मुलीमुळे आपला मुलगा माणसांत आला, त्या मुलीचे ती आभार मानते. पण मुलगी व्यापाऱ्याची आहे हे कळताच तिचा चेहरा बदलतो. उपकार मान्य, पण सून म्हणून अशी मुलगी चालणार नाही!

मुलगा राक्षस होता तेव्हा कुठल्या घरची मुलगी मिळते हा प्रश्न नव्हता. तो सुंदर झाला आणि कुळ आठवले. आपल्या वाचकांना हे चित्र नवे नाही. अडचणीच्या वेळी ज्यांचे पाणी चालते, त्यांची लेक लग्नाच्या वेळी चालत नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त आंतरजातीय विवाहावर एवढा भर का दिला, ते इथे कळते. कथेत शेवटी परी सांगते की मुलगी खरे तर एका राजाचीच कन्या आहे, आणि मग सर्वांचा जीव भांड्यात पडतो. लेखिकेने प्रश्न उभा केला, पण उत्तर देताना हात आखडला, असे मला वाटते.

खराखुरा केसाळ माणूस

या गोष्टीच्या संदर्भात एका खऱ्या माणसाची आठवण नेहमी काढली जाते. त्याचे नाव पेद्रो गोन्सालेस. तो कॅनरी बेटांतल्या टेनेरीफचा. जन्मतः त्याच्या चेहऱ्यावर आणि अंगावर दाट केस होते. हा एक दुर्मीळ शारीरिक दोष आहे, हे आज विज्ञानाने कळते. १५४७ मध्ये, दहाएक वर्षांचा असताना, तो फ्रान्सच्या त्याच दुसऱ्या हेन्रीच्या दरबारात आणला गेला. तिथे तो लॅटिन शिकला, दरबारी रीत शिकला. पुढे पॅरिसच्या कॅथरीन नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. त्यांच्या काही मुलांनाही बापासारखेच केस होते. ती मुले राजेरजवाड्यांकडे नजराण्यासारखी फिरवली गेली.

होफनागेल नावाच्या चित्रकाराने या जोडप्याचे चित्र काढले आहे. कॅथरीनचा हात नवऱ्याच्या खांद्यावर आहे. पण हे चित्र त्याने कोणत्या ग्रंथात ठेवले? किडेकीटकांच्या! शिकलेला, संसारी माणूस, पण त्याची जागा ठरली कीटकांच्या पानांत. राक्षस जन्माला येत नसतो, तो लोकांच्या नजरेने बनतो.

आपल्याकडचा कुश

आपल्या जातककथांतही याच वळणाची एक कथा आहे, कुसजातक. कुशावतीचा राजपुत्र कुश शहाणा पण अतिशय कुरूप. मद्रराजाची सुंदर कन्या पभावती हिच्याशी त्याचे लग्न लावले जाते. तिने नवऱ्याला पाहू नये म्हणून सासू कुळाचाराचे निमित्त सांगून दोघांना फक्त अंधारात भेटू देते. खरे कळल्यावर पभावती सरळ माहेरी सागल नगराला निघून जाते. फसवणुकीने झालेले लग्न तिने मानले नाही, हे लक्षात घ्या.

कुश राज्य सोडून तिच्या मागे जातो. कुंभाराकडे मडकी करतो, बुरूडकाम करतो, माळा गुंफतो, राजवाड्याच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकी होतो. ती ओळखते, पण वळत नाही. मग सात राजे तिला मागायला चालून येतात, आणि तिचा बाप म्हणतो, हिचे सात तुकडे करून सातांना वाटून टाकतो. तेव्हा ती कुशाला शरण जाते आणि तो तिला वाचवतो. शेवटी शक्र कुशाला रत्न देतो आणि त्याचे रूप पालटते.

आता सांगा, या कथेत भयंकर कोण? कुरूप नवरा, की लेकीचे तुकडे करायला निघालेला देखणा राजा बाप?

'नाही'ची किंमत

इंग्रज लेखिका अँजेला कार्टर हिने १९७९ मध्ये ही गोष्ट उलटी फिरवली. तिच्या कथेत बाप मुलीला जुगारात हरतो, आणि शेवटी राक्षस माणूस होत नाही, मुलगीच वाघीण होते. आजच्या कादंबऱ्यांची मुळे अशी दूरवर गेली आहेत. त्यांतल्या सगळ्याच चांगल्या आहेत असे मी म्हणणार नाही. राक्षसाने कोंडून ठेवले तरी तो प्रेमानेच बदलेल, ही समजूत घातक आहे. दारू पिऊन मारणारा नवरा बायकोच्या मायेने सुधारत नाही. गोष्टीतला राक्षस पहिल्या रात्रीपासून 'नाही' ऐकतो. जो ऐकत नाही, त्याच्यासाठी शाप सुटण्याची वाट बघू नये, घर सोडावे.

भाचीला मी विचारले, "तुला परवाचं स्थळ पसंत आहे का, असं कुणी विचारलं?"

"विचारलं ना," ती म्हणाली. "पाहुण्यांच्या समोर, हातात चहाचा ट्रे असताना."

मी ताईला फोन केला. "तिला एकटीला जवळ बसवून विचार. आणि 'नाही' म्हणाली तर 'का' म्हणून डोळे वटारू नकोस." ताई आधी रागावली. मुलगा नोकरीला आहे, देणेघेणे काही नाही, असे म्हणत राहिली. पण तिने विचारले. पोरगी 'नाही' म्हणाली. तिला आधी बी.एड. करायचे आहे. चार दिवस घरात धुसफूस झाली, मग मेहुण्यांनी पाहुण्यांना नम्रपणे कळवले. आभाळ काही कोसळले नाही.

भगिनींनो, आपल्या घरात लग्नाची मुलगी असेल, तर बैठकीच्या आधी, दार लोटून, तिला एकटीला विचारा. आणि उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारा. गोष्टीतल्या राक्षसाला जे जमले, ते आपल्याला जमू नये काय?