बाल्कनीतलं लिंबू : जर्मनीत कोणतं लावावं?

पोह्यांवर पिळायला घरचं लिंबू असावं, असं इथे कुणाला वाटत नाही? पण आपलं कागदी लिंबू थंडीला फार नाजूक. पारा शून्याकडे झुकला की ते करपतं. मायर लिंबू जास्त सोशीक आणि रसाळ, मात्र आंबटपणा कमी. सत्सुमा संत्रं आणि कुमक्वाट हलकी थंडी सोसतात. कुमक्वाट सालीसकट खातात, त्याचं लोणचंही होतं. नागपुरी संत्र्याला लागणारं विदर्भाचं ऊन मात्र इथे कुठून आणणार?

जात कोणतीही असो, झाड कुंडीतच हवं. राजांनीही तेच केलं. पॉट्सडामचा ऑरेंजरी महाल (१८५१–६४) पाहा. त्याच्या दालनांत आजही कुंड्या हिवाळा काढतात.

मेच्या मध्याला ‘आइसहायलिगे’ सरले की कुंडी बाहेर काढावी. हिवाळ्यात ५ ते १० अंशांची, उजेडाची जागा द्यावी. कागदी लिंबाला थोडी अधिक ऊब. पाणी बेतानंच. हीटरशेजारी पानं गळतात. जिन्यात थंड खिडकी असेल तर मायर घ्या. फक्त गरम खोलीच असेल, तर कॅलमोंडिन बरं. त्याची इवली आंबट फळं सरबताला चालतात. आधी घरातली खिडकी पाहा, मगच रोप निवडा.