जुन्या मोटारींचा विक्रीविलंब

व्यापाऱ्याने विक्रीसाठी मांडलेली वापरलेली मोटार दीर्घकाळ गिऱ्हाईकाविना उभी राहणे, याला जुन्या मोटारींचा विक्रीविलंब असे म्हणता येते. अशी गाडी सदोषच असली पाहिजे, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात यांत्रिक दोष हे विलंबाच्या अनेक कारणांपैकी एक आहे. खरेदीच्या वेळी व्यापाऱ्याने मोजलेली किंमत, अपूर्ण कागदपत्रे, गाडीचे उरलेले कायदेशीर आयुष्य आणि विक्रेता व खरेदीदार यांच्याकडील माहितीतील तफावत ही अन्य प्रमुख कारणे होत. एकदा झालेला विलंब हाच पुढील विलंबाचे कारण बनतो, हे या घटनेचे वैशिष्ट्य आहे. या लेखात मुख्यतः भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील परिस्थितीचा विचार केला आहे.

माहितीची विषमता

या विषयाचा सैद्धांतिक पाया अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांच्या ‘द मार्केट फॉर लेमन्स’ या १९७० मधील शोधनिबंधात आढळतो. अमेरिकन बोलीभाषेत सदोष मोटारीला ‘लेमन’ म्हणजे लिंबू म्हणतात. गाडीची खरी स्थिती विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. या विषमतेचा बाजारावर काय परिणाम होतो, हे अ‍ॅकरलॉफ यांनी दाखवून दिले. माहितीच्या विषमतेवरील संशोधनासाठी त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासह २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले.

समजा, बाजारात एकाच वर्षाच्या आणि एकाच प्रकारच्या गाड्या आहेत. त्यांपैकी निम्म्या चांगल्या गाड्यांचे मोल प्रत्येकी ५ लाख रुपये आणि निम्म्या सदोष गाड्यांचे मोल ३ लाख रुपये आहे. दोहोंतील फरक ओळखता न येणारा खरेदीदार सरासरी, म्हणजे ४ लाख रुपये देऊ करतो. या किमतीत सदोष गाडीचा मालक आनंदाने व्यवहार करतो. चांगल्या गाडीचा मालक मात्र नकार देतो. त्यामुळे ५ लाखांची योग्य किंमत सांगणारी चांगली गाडी विक्रीविना उभी राहते आणि दोष झाकलेली गाडी आधी विकली जाते. म्हणजेच न विकली गेलेली गाडी वाईटच असते, असा निष्कर्ष या सिद्धांतातून निघत नाही.

खरेदीदाराचा संशय निराधार नसतो. किलोमीटर दाखवणारे मीटर मागे फिरवणे, अपघातात दबलेला पत्रा सरळ करून पुन्हा रंगवणे, पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी स्वच्छ करून विकणे हे प्रकार या व्यवसायात ज्ञात आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पुरात असंख्य वाहने पाण्याखाली जातात. पाणी शिरलेल्या गाडीतील विद्युत तारांचे दोष काही महिन्यांनंतरही उद्भवू शकतात. त्यामुळे अशा घटनांनंतर त्या भागातील निर्दोष गाड्यांकडेही साशंकतेने पाहिले जाते.

किंमत आणि अडकलेले भांडवल

व्यापारी गाडी विकत घेताना पुढील काही आठवड्यांतील विक्रीची किंमत गृहीत धरतो. हे गृहीत चुकले, तर गाडी अडकते. नव्या मोटारींच्या किमती अचानक उतरल्यास असे घडण्याची शक्यता वाढते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला. नवी गाडी स्वस्त झाली की तिच्याशी तुलना होणाऱ्या जुन्या गाडीची किंमतही खाली येते. परंतु व्यापाऱ्याने ती आधीच्या चढ्या दराने घेतलेली असते. तोटा मान्य करून विकणे किंवा दर वधारण्याची वाट पाहणे, असे दोनच मार्ग त्याच्यापुढे उरतात.

वाट पाहण्यालाही किंमत असते. ४ लाख रुपयांची गाडी वार्षिक १२ टक्के व्याजाच्या कर्जातून घेतली असेल, तर दरमहा ४,००० रुपये केवळ व्याजापोटी जातात. त्यात जागेचे भाडे आणि देखभालीचा खर्च मिळवावा लागतो. डिसेंबर सरून जानेवारी लागला की खरेदीदाराच्या हिशेबात गाडी एका वर्षाने जुनी होते. २०२५ पासून जुन्या गाड्यांच्या सर्व प्रकारांवर नोंदणीकृत व्यापाऱ्याला १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे. सामान्यतः तो संपूर्ण किमतीवर नसून खरेदी व विक्रीच्या किमतींतील फरकावर आकारला जातो. ४ लाखांना घेतलेली गाडी ४ लाख ४० हजारांना विकल्यास कर ४० हजारांवर, म्हणजे ७,२०० रुपये होतो.

कागदपत्रांतील अडचणी

यांत्रिकदृष्ट्या उत्तम असलेली गाडीही कागदपत्रांअभावी अडू शकते. मालकी हस्तांतरणासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे आरटीओत, नमुना २९ आणि नमुना ३० सादर करावे लागतात. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. मूळ मालकाचा मृत्यू, वारसांमधील मतभेद, थकलेली ई-चलने किंवा संपलेला विमा यांमुळेही व्यवहार रखडतो.

परराज्यातील गाडीसाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. अशी गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून अधिक काळ वापरायची असल्यास तिची येथे नव्याने नोंदणी करावी लागते व करही भरावा लागतो. त्यामुळे परराज्याचा क्रमांक असलेली गाडी मुंबई किंवा पुण्यात स्वस्त दिसली, तरी एकूण खर्च लक्षात आल्यावर गिऱ्हाईक माघार घेते.

कायदेशीर आयुष्य आणि इंधन

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील खासगी वाहनांना पर्यावरण करही द्यावा लागतो. साहजिकच तेरा-चौदा वर्षांच्या गाडीला मागणी कमी असते.

दिल्ली राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली. २०२५ मध्ये कारवाईबाबत न्यायालयाने वेगळे आदेश दिले. अशा बदलत्या आदेशांमुळे डिझेल गाडीचे भविष्य खरेदीदाराला अनिश्चित वाटते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि त्याच सुमारास मारुती सुझुकीने डिझेल मोटारींचे उत्पादन थांबवले.

विलंबातून विलंब

दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो, टायर एकाच बाजूने दबतात आणि उंदीर तारा कुरतडतात. याहून मोठी हानी प्रतिष्ठेची असते. ‘इतक्या दिवसांत कोणी घेतली नाही, म्हणजे काहीतरी खोट असणार’ असा तर्क नवा ग्राहक करतो. विक्रीस लागलेला काळ हा गुणवत्तेचा संकेत मानला जातो, याचे सैद्धांतिक विवेचन कर्टिस टेलर यांनी १९९९ मध्ये घरांच्या विक्रीच्या संदर्भात केले; मोटारींनाही ते लागू पडते. त्यामुळे आरंभी फार चढी किंमत सांगून नंतर ती थोडी थोडी उतरवणे व्यापाऱ्याला महागात पडू शकते.

विश्वासवृद्धीचे उपाय

तपासणी अहवाल, मर्यादित हमी आणि सेवा केंद्रातील दुरुस्तीच्या नोंदी यांमुळे माहितीची दरी अंशतः भरून निघते. सदोष गाडीवर हमी देणे विक्रेत्याला परवडत नाही; म्हणून हमी हा विश्वासार्ह संकेत ठरतो. मारुतीने २००१ मध्ये सुरू केलेली ‘ट्रू व्हॅल्यू’ ही साखळी प्रमाणित जुन्या गाड्यांच्या विक्रीचे भारतातील एक आरंभीचे उदाहरण आहे.

मूळ मालकाची जबाबदारी

गाडी व्यापाऱ्याच्या आवारात पडून राहण्याची झळ तिच्या मूळ मालकालाही बसू शकते. हस्तांतरणाची नोंद झाली नसेल, तर अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. प्रत्यक्षात गाडी अनेक हातांतून पुढे गेली, तरीही ही जबाबदारी टळत नाही. या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित केलेले नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकृत मान्यता घेणे अपेक्षित आहे. गाडी अशा अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची सूचना रीतसर नोंदवल्यावर तो मानीव मालक ठरतो. गाडी विकली जाण्यास कितीही महिने लागले, तरी ही नोंद झालेली असल्यास त्या काळातील उत्तरदायित्व मूळ मालकाकडे राहत नाही. ही सूचना नोंदवली नसल्यास मात्र गाडी दिल्यानंतरही मालकाचे नाव तिच्याशी जोडलेलेच राहते.