आधी गुडघ्याला विचारा

योगासनांचा वर्ग घेणाऱ्याला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘अमुक आजारावर कुठलं आसन?’ मधुमेहावर कुठलं, रक्तदाबावर कुठलं, कंबरदुखीवर कुठलं. बाजारात मिळणाऱ्या पुस्तिकांमध्ये तर याची तयार कोष्टकंच असतात. डावीकडे आजार, उजवीकडे आसन. वाशिष्ठीच्या मुखाशी असलेल्या आमच्या अंजनवेलमध्ये आसपासच्या गावांतून जी मुलंमुली योगशिक्षक व्हायचं म्हणून माझ्याकडे येतात, त्यांच्याही वहीत हे कोष्टक उतरवलेलं असतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना ते पान बाजूला ठेवायला सांगते. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

कंबरदुखीचंच घ्या. आमच्याकडे आषाढात भाताची लावणी असते. तरवा काढायचा, चिखलात उभं राहून लावायचा, दिवसच्या दिवस पाठ वाकलेली. लावणी आटोपून वर्गाला आलेली बाई म्हणते, “बाई, कंबर धरलीय.” कोष्टकवाला शिक्षक लगेच पाय पसरून पुढे वाकायला लावील. अहो, पण ती महिनाभर पुढेच वाकलेली होती! तिला लोडावर पाठ टेकवून छाती उघडायला लावली, पाय खुर्चीवर ठेवून निजवलं, तर बरं वाटेल. आणि तिच्याच शेजारी बसलेल्या, दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या गृहस्थांची कंबर कदाचित थोडं पुढे वाकूनच सुटेल. मात्र दोघांपैकी कुणाची कळ पायातून पोटरीपर्यंत उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर आसनाचा विचार थांबवून आधी डॉक्टरांकडे पाठवायचं. दुखण्याचं नाव एकच असलं तरी वाटा तीन झाल्या.

‘योगानं कधी कुणाचं वाईट होत नाही’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. शिक्षकानं ते बोलू नये. काचबिंदूचं उदाहरण बघा. शीर्षासनात डोळ्यांतला दाब सुमारे दुप्पट होतो, असं २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दिसलं. निरोगी डोळा ते सोसतो, काचबिंदूच्या रुग्णाला मात्र हा खेळ परवडणारा नाही. पाळी गेल्यानंतर ज्या स्त्रियांची हाडं ठिसूळ होतात, त्यांचंही तसंच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा १९८४ सालचा एक छोटा अभ्यास आहे. मणक्याची हाडं ठिसूळ झालेल्या ज्या स्त्रियांनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले, त्यांच्यापैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यांत पुन्हा मोड आढळली. पाठ ताठ करण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. अभ्यास लहान असला तरी साठीच्या बाईला पाठीवर हात दाबून पुढे वाकवणाऱ्या शिक्षकानं तो ध्यानात ठेवावा.

आणि एक अगदी साधी गोष्ट. वर्ग पहाटे, उपाशीपोटी. नियम चांगलाच आहे. पण इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेऊन कुणी काही न खाता आला, तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. बघणाऱ्याला वाटतं, आसनानं दमले. म्हणून माझ्या वर्गात चटयांच्या आधी साखरेचा डबा ठेवलेला असतो.

हे सगळं शिकवायचं कसं, याचा रस्ता महाराष्ट्रातच घालून दिलेला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रिया शरीरात नेमकं काय करतात, हे उपकरणं लावून, क्ष-किरणांनी तपासायला घेतलं. ‘परंपरा सांगते’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढे १९५१ साली तिथं योगाचं महाविद्यालयही निघालं.

दुसरं नाव पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचं. १९१८ साली कर्नाटकातल्या बेल्लूर गावी जन्मलेला हा मुलगा लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय यांनी पार खंगलेला होता. १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते शिकवायला पुण्यात आले. स्वतः आजारपणातून गेलेला शिक्षक दुसऱ्याच्या अडचणीकडे वेगळ्या नजरेनं बघतो, असं मला वाटतं. ज्याचा हात जमिनीला पोचत नाही त्याच्या हाताखाली वीट, ज्याचा पाय हातात येत नाही त्याला पट्टा, ज्याला उभं राहवत नाही त्याला खुर्ची, भिंतीला दोर. शरीर ओढूनताणून आसनापर्यंत न्यायचं सोडून आसनच शरीराजवळ आणलं. १९७५ साली पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली, तिथं आजाऱ्यांसाठी वेगळा वर्ग चाले. एकेका रुग्णाभोवती शिकाऊ शिक्षक हाताखाली असत. लोड कुठे सरकवायचा, घडी किती जाड करायची, श्वास अडखळला की काय काढून घ्यायचं, हे ते बघून बघून शिकत. हे हाताखालचं शिक्षण पुस्तकातून मिळत नाही, आणि संगणकाच्या पडद्यावरून तर मुळीच नाही.

गावात ही साधनं कुठून आणायची, असं मुलं विचारतात. अहो, कोकणातल्या घरात काय नाही? जेवायचा पाट घ्या. त्यावर बसलं की कंबर उंच होते आणि मांडी घालताना गुडघ्यावरचा ताण निम्मा उतरतो. जुन्या लुगड्याची पट्टी फाडली की पट्टा झाला. खिडकीचे गज आहेत, देवळातला ओटा आहे. फक्त प्लॅस्टिकची खुर्ची घेऊ नका, गुळगुळीत फरशीवर ती सरकते.

सर्वांत अवघड काय, तर विचारणं. आपल्याकडे गुरूपुढे दुखतंय म्हणायची पद्धत नाही. “काकू, गुडघा दुखतो का?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “नाही गो बाय, जमतंय.” आणि चेहरा सांगतो, जमत नाहीये. म्हणून मुलांना मी आडून विचारायला शिकवते. “काकू, देवाला नमस्कार खाली बसून करता की उभ्यानंच?” “जिना उतरताना कठडा धरता का?” “रात्री कुशीवर वळताना जाग येते का?” गोळ्या कसल्या चालू आहेत, हे विचारूच नका, घरचा गोळ्यांचा डबा घेऊन यायला सांगा. मुंबईहून निवृत्त होऊन गावी आलेले आमचे कितीतरी काका छातीत स्टेंट घालून आलेले असतात आणि ‘किरकोळ झालं होतं’ म्हणतात.

मोठ्या तपासणीला आमच्या लोकांना चिपळूण गाठावं लागतं. एक दिवस मोडतो, पैसे मोडतात. त्यामुळे दुखणं पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी योगशिक्षकाच्या कानावर येतं. इथं जबाबदारी वाढते आणि मोहही वाढतो. माझ्या ऐकण्यातले एक गृहस्थ तीन महिने आसनं करून बरं वाटायला लागल्यावर रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करून बसले, आणि त्यांच्या शिक्षकाला त्याचा अभिमान वाटला होता. पुढे अर्धांगाचा झटका आला. गोळी सुरू करणं, कमी करणं, थांबवणं हे शिक्षकाचं काम नव्हे, हे मी मुलांकडून वहीत तीनदा लिहून घेते. केंद्रीय आयुष मंत्रालयाखाली २०१८ पासून योग प्रमाणन मंडळ आहे. तिथंही योगशिक्षक आणि योगोपचारक यांची प्रमाणपत्रं वेगळी आहेत. अमेरिकेतल्या योगोपचारकांच्या संघटनेच्या मान्यतेसाठी किमान ८०० तासांचं शिक्षण लागतं. महिन्याभराच्या, २०० तासांच्या वर्गातून बाहेर पडून ‘आजार बरे केले जातील’ अशी पाटी लावणाऱ्यांनी हा हिशेब करावा.

शेवटी एक प्रयोग सांगते, तो कुणीही करून पाहावा. शिकाऊ मुलांच्या एका गुडघ्यामागे मी लाकडी पट्टी बांधते, म्हणजे तो वाकत नाही. मग म्हणते, आता जमिनीवर बसा आणि उठा. विशीतली पोरं, कबड्डी खेळणारी, पण पाच मिनिटं धडपडतात. कुणी भिंत धरतो, कुणी मित्राचा खांदा. एकदा एक मुलगी उठता उठता म्हणाली, “बाई, आमची आजी अशीच उठते. मी तिला रोज म्हणायचे, लवकर उठ.” त्यानंतर आम्ही तासभर फक्त जमिनीवरून उठण्याच्या निरनिराळ्या रीतीच बघत बसलो. कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन, खुर्चीचा आधार घेऊन, अशा सात रीती निघाल्या. त्या दिवशी आसन एकही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आजीला वर्गाला घेऊन आली, आणि येताना घरचा पाटही.